इचारमास्तर आणि चार प्रकारचं ‘पाहिजे’

‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘हॅव टु’ यांत फरक काय, असं कुणी विचारलं की आजही माझे कान गरम होतात. तीस वर्षं मी पुण्यात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे विचारणारे पुष्कळ भेटले. पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. ते मी कधीच देत नाही. मी भोरची गोष्ट सांगायला लागतो आणि विचारणारा बिचारा घड्याळ बघायला लागतो. बघू दे. मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. भोर तेव्हा संस्थान होतं. मी कामथडीचा, आमच्या भावकीतला पहिला बी.ए., आणि तोही इंग्रजी घेऊन. शिंगं फुटली होती मला, दुसरं काय! भोरच्या एका शाळेत वर्षाच्या बोलीवर मला घेतलं, आणि शिकवायला काय दिलं? खालच्या वर्गांना अंकगणित आणि भूगोल! इंग्रजी पाचवी-सहावीचं, म्हणजे आजच्या नववी-दहावीचं इंग्रजी होतं दुसऱ्या एका मास्तरांकडे. आणि हे गृहस्थ तर बी.ए.सुद्धा नव्हते. इंटरपर्यंत शिकलेले.

बुटके, अंगानं भरलेले. काळ्या कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे, त्यामुळे कोट कमरेखाली कायम पांढरा. ते चालताना असे कधी दिसलेच नाहीत. सदा धावतपळत, आणि धावताना बोटानं हवेत काहीतरी लिहीत असायचे. काखेत जाड दोऱ्यानं शिवलेली एक वही. शाळेत आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो, पण बाजारात त्यांचं नाव होतं इचारमास्तर. कारण माणूस भेटला की ते विचारायचे. काय विचारायचे? ‘कोण लावतं?’

तुम्ही साधं म्हणालात, ‘आज लवकर घरी गेलं पाहिजे,’ की झालं, अडकलात! ‘गेलं पाहिजे? कोण जायला लावतं? घरच्यांची आज्ञा, का आपलं बरं दिसतं म्हणून, का पोटात भूक?’ डोळे असे लकाकायचे की माणसाला राग यायच्या ऐवजी खरंच विचार पडायचा. मग तुम्ही जे सांगाल ते वहीत. वाक्य, बोलणाऱ्याचं नाव, गाव. त्यांचा नियमच होता की जिवंत माणसाचं वाक्य त्याला विचारल्याशिवाय इंग्रजीत न्यायचं नाही. मुलांनाही तोच नियम.

‘अरे, मराठीत एक ‘पाहिजे’ म्हटलं की भागतं,’ ते फळ्यापुढे नाचत सांगायचे. ‘औषध घेतलं पाहिजे, कर भरला पाहिजे, एकदा काशीला गेलं पाहिजे, मला लाडू पाहिजे! इंग्रज इथे चार दारं ठेवतो, मस्ट, हॅव टु, शुड, वाँट. कुठल्या दारानं जायचं ते व्याकरण नाही सांगणार. ते बोलणाऱ्याच्या पोटात असतं. मग पोटातलं कसं कळेल?’

‘विचारून!’ तीस पोरं ओरडायची. शेजारच्या वर्गात माझे अपूर्णांक विस्कटायचे.

घरीसुद्धा हेच. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. आतून वहिनी म्हणाल्या, ‘जेवायला यायचं.’ हे लगेच, ‘यायचं म्हणजे? सुचवताय का...’ तेवढ्यात आतून आवाज आला, ‘मस्ट!’ वहिनींना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता, आणि तो त्या बरोबर वापरायच्या. हे मुकाट्यानं उठले. पान मांडलेलं होतं, भात निवत होता.

लग्नाच्या आमंत्रणांची तर पंचाईतच. कुणी अगत्यानं म्हणालं, ‘मास्तर, तुम्ही आलंच पाहिजे,’ की हे त्याला रस्त्यात धरून विचारणार, ‘यावं असं मनापासून वाटतंय, का म्हणायची पद्धत?’ एकदा एका व्यापाऱ्यानं चिडून सांगितलं, ‘पद्धत हो, पद्धत!’ हे खूश. ‘वा! खरं बोललात,’ म्हणून त्याची पाठ थोपटली. आणि त्या लग्नाला पहिल्या पंगतीच्या आधी हजर! मी विचारलं, ‘अहो, पद्धत म्हणून बोलावलं होतं ना?’ म्हणाले, ‘खरं बोलणाऱ्याच्या घरी जेवायला मला आवडतं.’

हेडमास्तरांशी त्यांचं वाकडं होतं तेही यावरूनच. शाळेची घंटा झाल्यावर हे पाच मिनिटांनी यायचे. एके दिवशी सगळ्यांसमोर हेडमास्तर म्हणाले, ‘आपण वेळेवर यायला हवं.’ आता दुसरा कुणीही मान खाली घालून पुढे गेला असता. ह्यांनी वही उघडली. ‘सल्ला की हुकूम, सर? सल्ला असेल तर शुड, हुकूम असेल तर मस्ट.’ हेडमास्तरांचं नाक लाल झालं. ‘हुकूम!’ ‘मग येतो,’ हे म्हणाले, आणि त्यानंतर एकदाही उशीर केला नाही. पण हेडमास्तर ते लाल नाक विसरले नाहीत.

आता बाजाराचं सांगतो. भोरचा बाजार मंगळवारचा. दुपारच्या दोन तासांना इंग्रजी पाचवीचा अख्खा वर्ग बाजारात! हातात पाटी किंवा वही, आणि माणसांमध्ये घुसून वाक्यं गोळा करायची. सुरुवातीला लोक हाकलायचे. मी आलो तोवर सगळं उलटं झालं होतं. आंबवड्याची सगुणाबाई बाजारात तेलाची बुधली घेऊन बसायची. आठवडाभर ती मनात वाक्यं तयार करून आणायची. पोरं दिसली की लांबूनच, ‘या रं, आज माझं लई अवघड हाय!’ एकदा ती म्हणाली, ‘लेकीकडं जायाला पायजे.’ पोरांनी विचारलं, ‘मावशी, कोण लावतं?’ पळी हातात तशीच. मग म्हणाली, ‘कुनी न्हाई बाबा. जावं वाटतंय. रोज वाटतंय. पर हुत न्हाई जानं.’ पोरांना काही सुचेना, कुठला शब्द लावावा. मास्तरांनी वहीत वाक्य लिहिलं आणि तेवढ्यापुरतं इंग्रजी मिटवून तिच्याजवळ खाली बसले. लेक कुठं दिलीय, काय, कसं, विचारत बसले. पुढच्या महिन्यात वेल्ह्याकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत तिला बसवून दिलं, ते मी पाहिलंय.

दुसरा बिरूआबा. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती, तिथून तो घोंगड्या घेऊन यायचा. वाटेत कुठंतरी मुक्काम करून मंगळवारी भोरात. बोलणं मोजकं. ‘दर मंगळवारी यावं लागतं,’ म्हणाला.

‘कोण लावतं, आबा?’

‘मीठ.’

बस्स. एवढंच. मास्तरांनी अक्षरशः टोपी उडवली! ‘ऐका रे, ऐका! राजा लावत नाही, सावकार लावत नाही, बायको लावत नाही. मीठ लावतं! बाहेरून जोर येतो, माणसाचं काही चालत नाही. हॅव टु! असा हॅव टु पुस्तकात दाखवा मला!’ बिरूआबा घोंगडी सारखी करत म्हणाला, ‘मास्तर, टोपी चिखलात पडली.’

एक दिवस वर्ग आंबवड्याच्या झुलत्या पुलावर नेला. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा बसलेला. त्यानं पोरांना अडवलं. ‘चारच जनांनी जावा.’ पोरं तयारच. ‘बाबा, चारापेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत का?’ ‘जात्यात की! वरातीत ईस गेल्याली, वाजंत्री धरून.’ ‘मग आम्ही चारच का?’ ‘म्या सांगतोय म्हनून!’ मास्तरांनी दोन्ही हात वर केले. ‘कॅन वीस, मे चार! पूल काय पेलतो ते कॅन, बाबा काय सोडतो ते मे!’ आणि चार-चारच्या टोळ्या करून तीस पोरं पलीकडे नेली. स्वतः शेवटच्या टोळीत. तेवढा वेळ म्हाताऱ्याला तपकीर देत बसले होते.

मोटारस्टँडवरचा मुकादम तर त्यांचा लाडका. पुण्याची सर्व्हिस मोटार येणार का, असं विचारलं की तो आभाळाकडे बघायचा. ‘येनार’ म्हणाला तर विल. ‘यील बी’ म्हणाला तर मे. नुसता हात हलवून ‘यील बी, न यील बी’ म्हणाला तर माइट, आणि मग सुट्टीत गावी निघालेली पोरं बोचकी सोडून बसायची. शहाणीसुरती माणसंही त्या पोरांकडे बघून ठरवायची की थांबावं का चालत निघावं.

हे सगळं मी कौतुकानं सांगतोय, पण तेव्हा? तेव्हा माझा जळफळाट व्हायचा! माझ्याकडे बी.ए.ची पदवी, इंग्रजी व्याकरणाची दोन जाडजूड पुस्तकं, नियम सगळे जिभेवर. आणि मी शिकवतोय काय, तर त्रैराशिक. खिडकीतून मला दिसायचं, बाजाराकडे निघालेली ती तीस पोरं, आणि पुढं हा इंटरवाला नाचतोय. मला तो वर्ग हवा होता. उगाच खोटं कशाला बोलू!

एका संध्याकाळी हेडमास्तर मला म्हणाले, ‘हे काय चाललंय बघताय ना? पाचवीच्या वर्गाचे किती तास बाहेर जातात, व्याकरणाचं पुस्तक किती पानं झालंय, कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. पुढच्या महिन्यात तपासणीस यायचेत.’ कुणीतरी, म्हणाले ते. माझं नाव घेतलं नाही. मी घरी गेलो आणि रात्री झोपायच्या आत चार पानं भरून काढली. तारखा, तास, पुलावरची सहल, बाजारातली टोपी, सगळं. एकही शब्द खोटा नव्हता. खाली सही मात्र केली नाही. सकाळी हेडमास्तरांच्या टेबलावर कागद ठेवला, तेव्हा ते म्हणाले, ‘वा. पाचवी-सहावीचं इंग्रजी तुमच्याकडे आलं म्हणजे तुमची जागाही कायम होईल.’ मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकतो.

तपासणी शुक्रवारची ठरली. मंगळवारी शाळेचा शिपाई बाजारात भाजी घ्यायला गेला आणि सगुणाबाईला सांगून आला, ‘शुक्रवारी पुण्याहून साहेब यायलेत. इचारमास्तरांच्या वर्गाची परीक्षा हाय. मोठी परीक्षा. नापास झाले तर मास्तर गेले.’ शिपाई आपला बोलून गेला. पण बाजारातल्या माणसांनी काय समजावं? वर्ष-वर्ष ती माणसं दर मंगळवारी वाक्यं देत होती, त्यांची उत्तरं वहीत चढत होती, चुकलं की पोरं सुधारून घेत होती. त्यांच्या मते इचारमास्तरांचा वर्ग म्हणजे तीच की! परीक्षा आपलीच!

शुक्रवारी दुपारी दोन वाजता तपासणीस आले. पागोटं, लांब कोट, कपाळाला आठ्या. हेडमास्तर पुढे, मी मागे. पाचवीच्या वर्गात शिरलो आणि मी दारातच थिजलो. मागच्या दोन बाकांवर सगुणाबाई, तेल लावून चापूनचोपून अंबाडा, ठेवणीतलं लुगडं. शेजारी बिरूआबा, खांद्यावर कोरी घोंगडी. मोटारस्टँडचा मुकादम, मुंडासं नवं. पुलावरचा म्हातारासुद्धा आलेला, आंबवड्याहून चालत!

‘हे कोण?’ तपासणीसांनी विचारलं.

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा गांगरलेले दिसले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. सगुणाबाईच उठली. ‘आमी परीक्षेला आलोय, सायेब. आब्यास झालाय.’

हेडमास्तर घाम पुसायला लागले. तपासणीसांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला इंग्रजीत विचारलं, मस्टची व्याख्या सांग. मुलगा उभा. गप्प. दुसऱ्याला शुडचा नियम विचारला. तोही गप्प. व्याख्या कुणी त्यांना सांगितलीच नव्हती! तपासणीसांनी खिशातून माझी चार पानं काढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अमुक महिन्यात इतके तास बाजारात. व्याकरणाच्या पुस्तकाची अकरा पानं झाली. माझीच वाक्यं, आणि मास्तर खाली मान घालून ऐकतायत. मला वाटलं होतं, बरं वाटेल. अहो, बरं कसलं! मीच खाली बघायला लागलो.

तेवढ्यात मागून सगुणाबाई, ‘सायेब, माझं आदी घ्या. मला उटाया पायजे.’

आणि काय सांगू तुम्हाला! मेल्यासारखा बसलेला वर्ग ताडकन उठला. ‘कोण लावतं, मावशी?’

‘गावाकडं दुकान उगडं टाकून आलीया! कोन लावतंय काय इचारता!’

‘हॅव टु!’ तीसच्या तीस. ‘शी हॅज टु गो!’

तपासणीसांनी कागद खाली केला. घड्याळ काढून बघितलं आणि हेडमास्तरांना म्हणाले, ‘हा गोंधळ पुरे. मला पाचच्या मोटारीनं परत गेलं पाहिजे.’

पहिल्या बाकावरचा तो मघाशी गप्प राहिलेला मुलगा सवयीनं बोलून गेला, ‘कोण लावतं, साहेब?’

हेडमास्तरांनी डोळे मिटले. तपासणीस त्या मुलाकडे वळले. ‘कोण लावतं? मोटार पाचला सुटते.’

‘चुकली तर?’

‘चुकली तर... चुकली तर सकाळी जाईन. मुक्कामाची सोय आहे.’

‘मग हॅव टु नाही, सर!’ मुलगा मास्तरांकडे वळला, त्याचा चेहरा फुललेला. ‘कुणी लावत नाही! साहेबांना जायचंय!’ मागून दुसरा, ‘वाँट्स टु! ही वाँट्स टु गो!’

तपासणीस खुर्चीवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ‘खरं आहे रे,’ ते म्हणाले. ‘मला जायचंय. सकाळपासून ही तिसरी शाळा, आणि पाठ भरून आलीय माझी.’ पोरांनी ते लगेच लिहून घेतलं, नाव विचारलं, गाव विचारलं. त्यांनी सांगितलंही. बिरूआबानं मास्तरांना हळूच विचारलं, ‘सायेब पास झालं का?’ ‘झाले,’ मास्तर म्हणाले.

त्यानंतर हेडमास्तरांच्या खोलीत मी, ते आणि तपासणीस. तपासणीसांनी माझी पानं टेबलावर ठेवली. ‘कागद चांगला लिहिलाय. खरा असणार. पण निनावी आहे. लिहिणाऱ्यानं खाली सही करावी, आणि का लिहिलं ते एका ओळीत लिहावं. पुढच्या शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पाठवा, मग ठरवतो त्या वर्गाचं.’ ते गेले. पाचच्या मोटारीनं गेले की नाही, ठाऊक नाही.

हेडमास्तरांनी पानं माझ्या हातात दिली. कारणाची ओळही त्यांनीच सांगितली. ‘विद्यार्थ्यांच्या हितासाठी लिहावे लागले. खाली सही. झालं तुमचं काम.’ मी पानं घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. शनिवार गेला, रविवार गेला. घरी बायकोला मी सांगून बसलो होतो की जागा कायम होतेय. कामथडीला वडिलांनाही निरोप धाडला होता. सही करायला किती वेळ लागतो? टाक हातात घ्यायचो आणि ठेवायचो.

मंगळवारी बाजारात मास्तरांनी मला गाठलं. पोरं लांब होती. ते माझ्याजवळ आले, आणि चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता. उलट तेच लकाकणारे डोळे. ‘तो कागद तुमचा. साहेबांच्या हातात बघितला तेव्हाच ओळखला. हजेरीपटावर रोज तुमचं अक्षर बघतो मी. सुंदर अक्षर आहे. मला फक्त एक सांगा, लिहावं लागलं, की लिहावंसं वाटलं?’

जमिनीत गडप व्हावं असं वाटलं मला. पण तोंडातून काय निघावं? ‘लिहावं लागलं.’

‘बरं,’ ते म्हणाले. वही उघडली, वाक्य लिहिलं, वही मिटली. ‘उद्या तिसऱ्या तासाला तुम्ही मोकळे असता ना? वर्गावर या. मागं बसा.’ आणि पळाले घोंगड्यांकडे.

आता हे आधीच सांगून टाकतो, कारण मला त्या बुधवारचं सांगायची घाई झालीय. त्यांच्याकडचं इंग्रजी गेलं नाही. ते निवृत्त होईपर्यंत त्याच वर्गांना शिकवत राहिले, दर मंगळवारी बाजारात जाऊन. मला एप्रिलात निरोप मिळाला आणि मी बोचकं बांधून पुण्याला गेलो. वडील महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

तर बुधवार. मी मागच्या बाकावर बसलो, शुक्रवारी बिरूआबा बसला होता तिथंच. मास्तरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मला लिहावं लागलं.’

‘कुणाचं वाक्य, सर?’

‘एका गृहस्थांचं.’

‘गाव?’

‘गाव लिहायचं राहिलं माझ्याकडून,’ ते म्हणाले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. असं कधी झालं नव्हतं.

‘मग विचारायचं कुणाला? न विचारता इंग्रजी कसं करायचं?’

‘नाही करता येणार,’ मास्तर म्हणाले. ‘असू दे. पुसून टाकू. दुसरं घेऊ.’ आणि त्यांनी फळ्याचं फडकं उचललं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पुसणार होते, देवाशपथ सांगतो, पुसणार होते, आणि मी तसाच उठून जाऊ शकलो असतो.

‘पुसू नका!’ मी उठलो होतो. कसा उठलो ते ठाऊक नाही. ‘माझं वाक्य आहे ते. विचारा मला.’

तीस तोंडं मागं वळली. मग तोच पहिल्या बाकावरचा, ‘कुणी लावलं, सर?’

‘हेडमास्तर म्हणाले, कुणीतरी लिहायला पाहिजे.’

‘तुम्हाला म्हणाले?’

‘नाही. कुणीतरी, म्हणाले.’

‘नसतं लिहिलं तर काय झालं असतं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘काहीसुद्धा झालं नसतं.’

पोरांना उत्तर कळलं होतं. पण एकानंही ते ओरडून सांगितलं नाही. मी खिशातून पानं काढली, समोरच्या पोराचा टाक घेतला, आणि शेवटच्या पानाखाली लिहिलं. लिहून झाल्यावर वाचूनही दाखवलं. ‘वर लिहिलेलं सगळं खरं आहे. कुणी लिहायला लावलं नाही. मला यांची जागा हवी होती, म्हणून लिहिलं.’ आणि खाली सही केली, पूर्ण नावानिशी, गावासकट.

‘सर,’ कडेचा एक बारका मुलगा उठला, वेल्ह्याकडचा, ‘हवी होती म्हंजी आता नको?’

काय हे पोर! मला रडू फुटलं आणि हसूही आलं. ‘हवीय रे! अजून हवीय! ह्या फळ्यापुढं उभं राहायला, तुम्हाला घेऊन बाजारात जायला, अजून हवीय मला! पण अशी नको.’

मास्तरांनी फडकं टाकलं. माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत. मग खडूनं माखलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि वर्गाकडे वळून ओरडले, ‘माणूस विचारून झाला! आता करा रे इंग्रजी!’

आणि पोरं लिहायला लागली.